मागची फळी बारा इंच खाली : दुहेरी कामाच्या बोटींच्या अभ्यासाची प्रस्तावना

१९३४ साली ब्रुकलिनच्या व्हीलर शिपयार्डमधून अडतीस फुटांची एक बोट बाहेर पडली. कारखान्याच्या नेहमीच्या यादीतलाच नमुना होता तो. दोन केबिन, झोपायच्या बाकांची सोय, एक आटोपशीर ओटा. सुट्टीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन खाडीत हिंडावं, रात्र बोटीवरच काढावी, असं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून ती आखली होती. पण ही विकत घेतली अर्नेस्ट हेमिंग्वेनं, आणि त्याला फ्लोरिडा आणि क्यूबाच्या मधल्या गल्फ स्ट्रीममध्ये मार्लिन धरायचे होते. त्यानं पैसे मोजून काही बदल करून घेतले. जिवंत आमिष ठेवायची सोय, जादा इंधनाच्या टाक्या, मोठ्या इंजिनाच्या जोडीला एक लहान इंजिन. सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे बोटीची मागची आडवी फळी, जिला धंद्यात ट्रान्सम म्हणतात, ती बारा इंचांनी खाली आणली आणि तिच्यावर एक लाकडी रूळ बसवला. बोटीचं नाव त्यानं ठेवलं पिलार.

त्या बारा इंचांमागचं कारण सरळ आहे. दोन-अडीचशे किलोचा मासा हातांनी उचलून आत घेता येत नाही, ओढून सरकवावा लागतो. फळी खाली आली, वर रूळ आला, म्हणजे विहिरीवरच्या रहाटासारखं काम सोपं झालं. आता तीच बोट मूळ गिऱ्हाइकाच्या नजरेनं पाहा. मागच्या मोकळ्या जागेत चार वर्षांचं पोर खेळतंय आणि त्याच्यात आणि समुद्रात जी भिंत होती ती एका फुटानं कमी झाली आहे. इंजिन बंद पडून बोटीची पाठ लाटांकडे झाली, तर पहिलं पाणी आत येणार तेही तिथूनच. फळी एकच, आणि ती एका वेळी एकाच उंचीवर असू शकते.

या पुस्तकाचा विषय म्हणजे ही फळी आणि तिच्यासारखे आणखी वीस-पंचवीस तिढे. मासेमारीला जाणारी आणि घरच्यांना फिरवणारी अशी एकच बोट बांधायची, तर कुठे काय सोडावं लागतं आणि त्या बदल्यात काय हाती येतं, याचा हा अभ्यास. तुम्ही नौकाबांधणीचे विद्यार्थी असा, बोट घेण्याच्या विचारात असा किंवा गणिताची भीती बाळगून केवळ कुतूहलापोटी आला असा, आत या. लागणारं बहुतेक गणित दहावीपर्यंतचं आहे. त्यापुढचं जे लागेल ते वाटेत शिकू.

फ्रेंचांनी या जातीला नावच देऊन टाकलं आहे : 'पेश-प्रॉमनाद', म्हणजे मासेमारी आणि फेरफटका. त्यांच्या अटलांटिक किनाऱ्यावर क्रवा-द-व्ही इथे १८८४ पासून बेनेतो घराण्याचा कारखाना मच्छीमारांसाठी शिडाच्या लाकडी होड्या बांधत असे. १९६० च्या दशकात ते गिऱ्हाईक आटू लागलं, तेव्हा तिसऱ्या पिढीतल्या आनेत रू यांनी कारखान्याचं तोंड हौशी माणसाकडे वळवलं आणि फायबरच्या छोट्या पेश-प्रॉमनाद बोटी बाजारात आणल्या. बांधणाऱ्यांचे हात तेच होते, पण आता बोटीवर येणारा माणूस आठवडाभर कचेरीत बसलेला होता आणि त्याच्याबरोबर सासूबाई होत्या. अमेरिकनांकडे याच कुळातल्या बोटींची निरनिराळी नावं आहेत. मागे मासेमारीची मोकळी जागा आणि पुढे बैठकीची खोली असलेली ती 'कन्व्हर्टिबल'. केबिनच्या दोन्ही बाजूंनी चालत नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत, जाता येतं ती 'वॉकअराउंड'.

मराठीत असा शब्द नाही. होडी, मचवा, पडाव, गलबत, उलांडीची होडी अशी नावं भरपूर, पण ती सगळी कामाची. घरची माणसं बोटीवर चढतात ती नारळी पौर्णिमेला, पताका लावलेल्या बोटीतून एक फेरी मारायला. तेवढ्या अर्ध्या तासात कामाच्या बोटीत काय काय नाही ते कळतं. टेकायला जागा नाही, कठड्याला धरायला काही नाही, सावली असली तर ती तांडेलाच्या खोलीपुरती, आणि आडोशाची जागा तर नाहीच. नाव नाही याचा अर्थ गरज नाही असा नव्हे. गेल्या काही वर्षांत हौसेनं छोटी मोटारबोट घेणारी मंडळी मुंबई-अलिबागपासून गोव्यापर्यंत दिसू लागली आहेत, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : गळ टाकता आला पाहिजे, आणि हिला पण आवडली पाहिजे.

विषयात शिरायचं ते बोटीच्या तळापासून. बादलीभर पाण्यावर तळहात सपाट आपटून पाहा, मग हात उभा धरून कडेनं मारा. पहिल्यात चटका बसतो, दुसऱ्यात हात आत जातो. बोटीचा तळ सपाट असेल तर वेगात जाताना प्रत्येक लाट म्हणजे तो चटका. तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल असेल तर लाट कापली जाते. या उताराला तळाचा कोन म्हणू. मागच्या फळीपाशी तो दहा-बारा अंश असला तर तळ सपाटीकडे झुकणारा, वीसच्या पुढे गेला तर खोल व्ही.

खोल व्ही मोटारबोटींत रुजवण्याचं श्रेय रे हंट या मॅसॅच्युसेट्सच्या आरेखकाला जातं. १९५८ साली न्यूपोर्टला अमेरिका कपच्या शिडाच्या शर्यतींची तयारी चालू असताना मायामीच्या डिक बर्ट्रमनं हंटची एक तेवीस फुटी मोटारबोट खवळलेल्या पाण्यातून आरामात पळताना पाहिली. त्यानं तशीच, पण एकतीस फुटांची बोट मागितली. तिचं नाव मॉपी. १९६० च्या मायामी ते नासाऊ शर्यतीत समुद्र उसळलेला होता आणि मॉपी आठ तासांत पोचली. तिच्या मागची बोट दोन तासांनी आली, आणि तीही हंटच्याच रेषांवर बांधलेली होती. पुढे मॉपीवरून साचा काढून फायबरची बर्ट्रम ३१ तयार झाली. तळाचा कोन तेवीस अंशांच्या आसपास. अशा सुमारे १,९०० बोटी निघाल्या. एकाच सांगाड्यावर एक रूप उघडं, मासेमारीचं. दुसरं वर सुकाणू आणि आत राहायची सोय असलेलं. हा दुहेरी बोटीचा आदर्शच म्हणावा लागेल, आणि आजही जुन्या बर्ट्रमा शोधून, इंजिनं बदलून वापरणारे हौशी लोक आहेत.

आता मॉपीचं इंजिन बंद करा. पळताना लाट कापणारा तळ थांबल्यावर काय करतो? बोट थांबली की तिला उभं ठेवण्याचं काम मुख्यतः पाण्याच्या पातळीवरची रुंदी करते. खोल व्हीच्या बोटीत तळ आणि बाजू जिथे मिळतात त्या कडा सपाट तळाच्या बोटीच्या मानानं पाण्यात उथळ बसतात, त्यामुळे बोट पहिले काही अंश बिनविरोध कलते. एक माणूस डावीकडून उजवीकडे गेला की कळतं. शिवाय तोच भार तेवढ्याच वेगानं न्यायला खोल व्हीला जास्त अश्वशक्ती लागते, कारण पाण्यावर स्वार व्हायला सपाट तळ सोयीचा.

सगळेजण या तिढ्याला मासेमारी विरुद्ध कुटुंब असं रूप देतात. मी बरीच वर्षं तसंच शिकवलं. मग एका उन्हाळ्यात नोंदवही घेऊन बसलो आणि दोन प्रकारचे दिवस मांडले. मासेमारीचा दिवस : पंचवीस सागरी मैल बाहेर, वीस नॉटच्या वेगानं सव्वा तास, तेवढाच परत, मधले पाच-साडेपाच तास थांबून किंवा अगदी हळू. कुटुंबाचा दिवस : तासाभराचा प्रवास, बेटाच्या आडोशाला नांगर, जेवण, पोहणं, डुलकी, चार-पाच तास तिथेच, मग परत. दोघांच्याही दिवसाचा मोठा भाग बोट जवळजवळ जागच्या जागी असते! गळ धरून उभ्या असलेल्या माणसाला आणि ताट धरून बसलेल्या बाईंना एकच गोष्ट हवी असते, बोटीनं हलू नये. खरं भांडण पळणाऱ्या बोटीचं आणि थांबलेल्या बोटीचं आहे. त्यात गळवाला आणि घरचे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, फक्त त्यांना ते माहीत नसतं. आणि बोट विकत घेताना चाचणी होते ती पळवून. अर्धा तास थांबून, इंजिन बंद करून, आडव्या लाटेत बसून पाहणारं गिऱ्हाईक मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच भेटलं आहे.

म्हणून पहिला नियम तास मोजण्याचा. पण नुसते तास मोजूनही भागत नाही. दुपारी वारा सुटल्यावर घरी परतायचा जो तास असतो, त्यात माणसं पडतात, मणके दुखावतात, पोरं घाबरतात, आणि ती घाबरली की पुढच्या रविवारी बोट धक्क्यालाच बांधलेली राहते. तेव्हा मी दोन रकाने मांडतो : एकूण तास, आणि वर्षातला सर्वांत वाईट तास. आजच्या बऱ्याच दुहेरी बोटींत नाळेपाशी तळ तीव्र व्ही आणि मागे येईतो कोन सोळा ते वीस अंशांवर आणलेला असतो, तो या दोन रकान्यांचा निकाल आहे. पुढे लाट कापा, मागे थोडं बसा.

थांबलेल्या बोटीचं हलणं मोजायची रीत जुनी आहे. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्यानं १८६१ मध्ये जहाजांच्या डोलण्यावर निबंध वाचला आणि पुढे १८७२ मध्ये टॉर्की इथे घराशेजारीच नमुने ओढून पाहायचा लांबलचक हौद उभारला. आज जगभरच्या नौकाशास्त्राच्या प्रयोगशाळा त्या हौदाच्या वारस आहेत. डोलण्याचं ढोबळ सूत्र एका ओळीत मावतं : बोटीची रुंदी मीटरमध्ये घ्या, ०.८ नं गुणा, आणि मेटासेंट्रिक उंचीच्या वर्गमुळानं भागा. येणारी संख्या म्हणजे डावीकडून उजवीकडे जाऊन परत यायला लागणारे सेकंद. मेटासेंट्रिक उंची म्हणजे काय ते पुढे सावकाश येईलच. सध्या एवढं पुरे की ती जास्त तर बोट ताठ, कमी तर बोट हळवी. तीन मीटर रुंदीच्या बोटीत ती एक मीटर असेल तर डोलायला २.४ सेकंद लागतात, ०.६ मीटर असेल तर ३.१.

नवशिक्याला वाटतं, ताठ बोट चांगली, कारण ती उलटायची भीती कमी. तेवढ्यापुरतं ते खरंच आहे. पण ताठ बोट झटक्यानं परत येते. हातातला चहा आधी सांडतो, मग धरायला काही न सापडलेला माणूस. हळवी बोट पाळण्यासारखी डोलते, सुखावह वाटते, आणि तिच्याकडे शिल्लक कमी असते. कुटुंबाच्या बोटीत मी ताठपणा थोडा सोडतो, पण लिहून ठेवतो की तो कुठे सोडला.

मळमळीचं शास्त्र याच्या शेजारचं. १९७० च्या दशकात माणसांना बंद खोलीत वरखाली हलवून प्रयोग झाले, त्यांत सर्वांत जास्त त्रास साधारण पाच सेकंदांना एक हेलकावा या तालावर झाला. त्रास देतं ते मुख्यतः वरखाली होणं, आणि ते बोटीच्या मध्यापाशी कमी, नाळेत सर्वांत जास्त. आता दुहेरी बोटीचा कुठलाही आराखडा उघडा. मासेमारीला मागची जागा लागते, म्हणून ती मोकळी. नाळेचा मासे धरणाऱ्याला उपयोग कमी, म्हणून केबिन तिथे. म्हणजे पोराला लागू लागलं की आपण त्याला निजायला पाठवतो ते बोटीतल्या सर्वांत वाईट जागी.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या पहिल्या आठ मीटरच्या बोटीत संडास मी अगदी नाळेत कोंबला होता. कागदावर ती जागा वाया जात होती, तिथे तो चपखल बसला, आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. चाचणीच्या दिवशी मालकांच्या पत्नी आत गेल्या. बाहेर लाट जेमतेम पाऊण मीटर होती. धक्क्यावर उतरताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही स्वतः कधी आत बसून पाहिलंत का?" त्यानंतर आखलेल्या प्रत्येक बोटीत ती खोली मी मध्याकडे ओढली आहे आणि त्यापायी मासेमारीच्या जागेतले तीस-चाळीस सेंटिमीटर गमावले आहेत. गळवाले मालक कुरकुरतात. कुरकुरू देत.

वजनांच्या बाबतीत एक हिशोब इथेच करून टाकू, म्हणजे पुढच्या प्रकरणांची चव कळेल. पाच टनांची बोट. चौघं पाहुणे, सरासरी पासष्ट किलोचे, म्हणजे २६० किलो. मासे दुरून दिसावेत म्हणून वर एक सुकाणूचा मजला केला आहे, खालच्या फरशीपासून दोन मीटर उंच. चौघंही सूर्यास्त पाहायला वर गेले. २६० गुणिले २, भागिले ५,०००, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटर. संपूर्ण बोटीचा गुरुत्वमध्य तेवढा वर सरकला आणि मेटासेंट्रिक उंची तेवढीच घटली, ०.६ ची ०.५ झाली. कोणी काही चूक केली नाही, फक्त चार माणसं जिना चढली. मासेमारीसाठी बांधलेला तो मजला एरवी एका माणसासाठी असतो; कुटुंब आलं की तो गच्ची होतो. युरोपात विकल्या जाणाऱ्या बोटींवर वर्गाची पट्टी असते. 'सी' वर्ग म्हणजे वाऱ्याचा जोर सहापर्यंत आणि दोन मीटरपर्यंतच्या लाटा, 'बी' म्हणजे आठ आणि चार मीटर. बऱ्याच बोटींच्या पट्टीवर एकाच बोटीसाठी दोन्ही वर्ग लिहिलेले असतात, फक्त माणसांची संख्या वेगळी : खवळलेल्या पाण्यात कमी, किनाऱ्याजवळ जास्त. ती पट्टी वाचणारे मालक थोडे.

जिवंत आमिषाची टाकी हा दुसरा वजनदार पाहुणा. दोनशे लिटर समुद्राचं पाणी म्हणजे दोनशे पाच किलो. पण वजनापेक्षा वाईट असतं त्याचं डुचमळणं. परातीत पाणी घेऊन चालून पाहा, मग तेवढंच पाणी घागरीत घेऊन चाला. परातीतलं पाणी ज्या बाजूला आपण झुकतो त्याच बाजूला धावतं आणि आपल्याला आणखी झुकवतं. अर्धी भरलेली रुंद टाकी बोटीला हेच करते. यावरचा उपाय गणितानं फार सुंदर दिला आहे. हा परिणाम टाकीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून मधोमध एक उभी भिंत घालून टाकीचे दोन भाग केले की तो एक चतुर्थांश उरतो. पाणी तेवढंच, टाकी तेवढीच, मध्ये एक फळी. नौकाशास्त्रात इतकं स्वस्त सुख दुसरं नाही. घरचे नुसते फिरायला जाणार असतील तर टाकी सरळ रिकामी करा; पण मालक करत नाहीत, कारण मग ती बर्फ आणि थंड पेयांची पेटी होते.

रुंदीवरून आठवलं, अमेरिकेतल्या गाडीमागून ओढून न्यायच्या असंख्य बोटींची कमाल रुंदी पाण्यानं ठरवलेली नाही, रस्त्यानं ठरवली आहे. विशेष परवान्याशिवाय महामार्गावर साडेआठ फूट, म्हणजे २.५९ मीटर, एवढंच रुंद वाहन चालतं. आता वॉकअराउंड आखा. मोठा मासा लागला की तो बोटीभोवती फिरतो आणि गळ धरलेल्या माणसाला त्याच्यामागे नाळेपर्यंत जावं लागतं, म्हणून केबिनच्या दोन्ही बाजूंना निदान तीस-तीस सेंटिमीटरची वाट. वाटेच्या बाहेरचा कठडा दोन्हीकडे पंधरा-पंधरा. उरले १.६९ मीटर. या बोळात दोन माणसं, एक पोर आणि त्यांचं सामान झोपवायचं. कोणी म्हणतं एकाच बाजूला वाट ठेवू. कोणी वाट काढूनच टाकतं आणि केबिन बाजूपर्यंत नेतं. मग बैठक प्रशस्त होते आणि मासा नाळेखाली गेला की मालक खिडकीतून बघत राहतो. दोन्ही बाजूंची वाट ठेवून केबिनही प्रशस्त म्हणणारा विक्रेता मोजपट्टी कुठून धरतो ते पाहावं.

उंचीचं तसंच. आत ताठ उभं राहता यावं, ही घरच्यांची वाजवी मागणी, म्हणजे सुमारे १.९ मीटर. छोट्या बोटीत ही उंची मिळवायला छप्पर वर न्यावं लागतं, आणि ते छप्पर म्हणजे न उतरवता येणारं शीड. बोट मासेमारीसाठी वाऱ्यावर सोडली की वारा नाळेकडची केबिन पकडून बोट फिरवतो, दोऱ्या एकमेकींत अडकतात, आणि मग कापडी नांगर टाकून तिला धरून ठेवावं लागतं. त्याच छपराचा एक उपद्रव मात्र गमतीचा नाही. बोट पुढे जाताना उंच केबिनच्या मागे हवेची पोकळी होते आणि इंजिनाचा धूर मागून आत ओढला जातो. आमिष ओढत तासन्‌तास सहा-सात नॉटनं जायचं, मागून मंद वारा, घरच्यांसाठी मागे कापडी पडदे लावलेले. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोल इंजिनाच्या बोटीत तो मोजणारं यंत्र लावा, आणि पडदे पुढूनही उघडता येतील असे करा. या बाबतीत मी मालकाशी घासाघीस करत नाही.

इंजिन बाहेर टांगावं की आत बसवावं, या वादाला पुढे अख्खं प्रकरण दिलं आहे. इथे एवढंच की बाहेर टांगलेली इंजिनं आतली जागा मोकळी करतात आणि नेमकी ती मागची फळी अडवतात, जिच्यावर हेमिंग्वेनं रूळ बसवला होता.

माझ्या आवडत्या बोटी दुसऱ्या दिशेनं आल्या आहेत, कामाकडून फिरण्याकडे. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्य आहे, तिथल्या जोन्सपोर्ट आणि बील्स बेटाच्या बाजूला शेवंडे पकडणाऱ्यांच्या बोटी बांधणारी घराणी आहेत. उंच, निमुळती नाळ. पुढे लहानशी खोली. तिथून मागे बाजू उतरत उतरत इतकी खाली येते की एकटा माणूस सापळा कंबरेच्या वर न उचलता आत घेतो. तळाला लांब सरळ कील, म्हणजे मधोमध लांबीभर जाणारा कणा, आणि तळाचा मागचा भाग बराच सपाट. या बोटीचं चातुर्य मधल्या वेगात आहे. साध्या तरंगत्या बोटीचा वेग पाण्यातल्या लांबीनं बांधलेला असतो : फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४. छत्तीस फुटांना आठ नॉट. त्यापुढे ती स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते. पाण्यावर स्वार होणारी बोट हा चढ ताकदीनं ओलांडते. मेनची बोट चढावरच, बारा-पंधरा नॉटवर, समाधानानं चालते, आणि थांबल्यावर कील तिला सावरून धरते. फायबरचे सांगाडे निघू लागल्यावर एकाच साच्यातला सांगाडा एका गिऱ्हाइकानं सापळ्यांसाठी पुरा करून घेतला, दुसऱ्यानं बिछान्यांसाठी. माझ्या दोन रकान्यांत या बोटी दोन्हीकडे चांगले गुण घेतात. त्या हरतात ते फक्त घाईत असलेल्या मालकापाशी.

१९९४ मध्ये त्याच राज्यातल्या हिंकली कारखान्यानं या घडणीवरून पिकनिक बोट काढली. रूप शेवंडेवाल्याचं, आत रोगणाची चमक, आणि पंख्याऐवजी पाण्याचा झोत मागे फेकणारं जेट. जेटचा एक फायदा असा की पाण्यात सर्वत्र सोडलेल्या सापळ्यांच्या दोऱ्या पंख्यात गुंतत नाहीत. ज्या बोटीचा चेहरा घेतला, तिच्याच दोऱ्यांपासून बचाव! बोट सुंदर आहे, मी हेव्यानं पाहिली आहे. पण तिच्यावर मासा आणायचा धीर मला होणार नाही.

पाण्यावर स्वार होणाऱ्या बोटीचं गणित कठीण असल्याचा दबदबा आहे. त्याची चावी १९६४ सालच्या एका निबंधात आहे. स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटच्या डॅनियल साविट्स्की यांनी हौदातल्या प्रयोगांवरून अशी सूत्रं बसवली की बोटीचं वजन, रुंदी, तळाचा कोन आणि गुरुत्वमध्याची जागा दिली तर विरोध किती आणि नाळ किती उचलेल ते काढता येतं. संगणक नसलेल्या माणसाला एका संध्याकाळी करता येईल असं काम आहे ते. आम्ही ते पाचव्या प्रकरणात एकदा हातानं करणार आहोत. त्यानंतर तुम्ही खुशाल संगणक वापरा. उत्तर चुकलं की कुठे चुकलं ते आता तुम्हाला कळेल.

या पुस्तकात आदर्श बोटीचा नकाशा नाही. विचारणाऱ्यांना मी उलट विचारतो : घरात कोणाला बोट लागते? पोरं किती वर्षांची? मासा घरी आणता की सोडून देता? शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो. पण सोडून देणाऱ्याला मागची फळी खाली नको, फळीत एक लहान दार पुरतं, आणि तेच दार पोहून आलेल्या पोरांना वर यायला चालतं. मासा घरी आणणाऱ्याला खवल्यांचा आणि रक्ताचा बंदोबस्त हवा, म्हणजे फरशी उतरती, दोन्ही कोपऱ्यांत मोठी भोकं, आणि फरशी पाण्याच्या पातळीच्या वर, नाहीतर पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येतं. फरशी वर घेतली की कठडा तेवढाच ठेंगणा पडतो. गुडघ्याच्या वर, मांडीला टेकेल असा कठडा गळवाल्याला हवा असतो. त्याच्यापेक्षा बुटक्या कठड्याची कुठलीही बोट मी मुलांच्या बोटीत धरत नाही.

पहिलं प्रकरण वजनांच्या तक्त्यानं सुरू होतं. प्रत्येक वस्तूचं वजन, फळीपासूनचं अंतर, तळापासूनची उंची. स्वयंपाकघरातला काटा आणि शिंप्याची टेप चालेल. नांगर, साखळी, गॅसची टाकी, गाद्या, गळांचं कपाट, पाण्याचे कॅन, सासूबाईंची खुर्ची, काहीही सोडू नका. विद्यार्थी हमखास विसरतात ते भिजलेले दोर आणि बर्फ. सकाळी चाळीस किलो बर्फ म्हणून जी नोंद केली, तिचं संध्याकाळपर्यंत निम्मं पाणी होऊन तळात उतरलेलं असतं आणि वर तेवढेच मासे आलेले असतात. ती तक्त्यात कशी लिहायची, ते तिसऱ्या प्रकरणात पाहू.